बाइकला उंच हँडल बसवताना

भावा, आधी हँडलची जाडी मोज. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना 22 मिमीचं असतं. 28 मिमीचं जाड हँडल जुन्या क्लॅम्पमध्ये, म्हणजे हँडल धरणाऱ्या पकडीत, बसणारच नाही.

खरी अडचण केबलची. गाडी मेन स्टँडवर लाव, न्यूट्रलमध्ये चालू ठेव आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव. रेस आपोआप वाढली तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. लांब केबल टाक, ओढूनताणून भागवू नकोस. ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची नळी) तर जराही ताणलेला नको, तिथे जिवाशी खेळ आहे.

हँडलवरच्या स्विचच्या आत बारीक पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला भोक नसेल तर काही मेकॅनिक ती सरळ कापतात. कापू देऊ नकोस, अ‍ॅक्सिलरेटर पिळताना अख्खा स्विच फिरतो. आधी लिव्हरचा कोन जुळव, खूण कर, मगच ड्रिल लाव.