लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, फॉरमॅट मारू का?

तुमचा लॅपटॉप २०१७ चा, १ टीबी हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, विंडोज १०. पासवर्ड टाकल्यावरही दहा मिनिटं काही उघडत नाही आणि दुकानदार म्हणतोय, फॉरमॅट मारून घ्या. माझं स्पष्ट मत आहे की फॉरमॅट मारू नका. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क, बसवा. मात्र खर्च करण्याआधी दुखणं तिथेच आहे ना, एवढं पाहून घ्या.

लॅपटॉप सुरू झाला की लगेच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकलेली आणि सीपीयू मात्र जेमतेम वीस-तीस टक्क्यांवर, असं दिसलं तर प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलाय. तिथेच ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम दिसतो, म्हणजे डिस्क उत्तर द्यायला सरासरी किती वेळ घेते ते. तो शेकडो मिलिसेकंदांत जात असेल तर शंकाच नको. मग स्टार्टअप टॅबवर जा. वर उजव्या कोपऱ्यात बहुतेक मशीनवर लास्ट बायोस टाइम लिहिलेला असतो, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच गेलेला वेळ. तो दहा-पंधरा सेकंदांच्या आसपास असेल तर ठीक. त्याहून खूप जास्त असेल तर यूएसबीला लावून ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क काढून पुन्हा बघा.

आता डिस्कच का, ते सांगतो. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचते आणि त्या डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. लॅपटॉपची हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. प्रत्येक वेळी आतला हेड सरकणार, हवा तो भाग फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबणार, मग वाचणार. अशा विखुरलेल्या जागा सेकंदाला शंभरच्या आतबाहेरच वाचून होतात. एसएसडीत फिरणारा भागच नाही. तिथे हेच काम हजारोंच्या हिशेबात होतं. मोठी फाइल कॉपी करताना दोघांत काही पटींचा फरक दिसेल, पण सुरू होताना जो फरक पडतो तो खरा.

फॉरमॅट मारल्यावर लॅपटॉप काही दिवस पळतो, कारण तेव्हा सोबत सुरू होणारे प्रोग्रॅम नसतात. प्रिंटरचं, अपडेटरचं, व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर परत टाकलं की पुन्हा तेच. त्यापेक्षा स्टार्टअप टॅबमध्येच जे रोज लागत नाही ते डिसेबल करा. प्रोग्रॅम निघून जात नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. आणि रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर असल्या नावाचं काहीही टाकू नका, त्यातली बरीचशी स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

एसएसडी घेताना तुमच्या लॅपटॉपला बहुधा २.५ इंची साटा लागेल, म्हणजे आताच्या हार्ड डिस्कच्याच आकाराची आणि जोडणीची. मॉडेल नंबर पाहून एम.२ ची, म्हणजे छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची, जागा आहे का तेही विचारा. असली तर ती साटा प्रकारची की एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणी), हे ठरल्याशिवाय पैसे देऊ नका. रोजच्या कामाला २५६ जीबी चालते, फोटो बरेच असतील तर ५१२ घ्या. विंडोजचं लायसन्स मूळ असेल तर डिस्क बदलल्याने ते जात नाही, ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तेव्हा कुणी नव्या लायसन्सचे पैसे मागितले तर देऊ नका.

जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्यावर घेता येतं, क्लोनेझिलासारखं मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. फक्त जुन्यातला सगळा डेटा नव्यात मावला पाहिजे आणि नवी डिस्क लहान असेल तर जुन्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, आधी आकसून घ्यावं लागतं. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत बघाच. करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणारे भाग, शून्याहून जास्त दिसले, तर डिस्क मरायला टेकलेली असू शकते. मग क्लोन वगैरे नंतर, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. इथे घाई करणं फार महागात पडतं, गेलेले फोटो दुकानदार परत देऊ शकत नाही.

४ जीबी रॅम आजच्या ब्राउझरला कमीच पडते. स्लॉट रिकामा असेल तर अजून ४ टाका, पण आधी एसएसडी, मग रॅम.

एक गोष्ट राहिली. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. २०१७ च्या बहुतेक लॅपटॉपचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, ती यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. बँकेची कामं याच मशीनवर करत असाल तर एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचा विचार जरूर करा, ४ जीबीतही ते नीट चालतं. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं दुसरं काही वापरत असाल तर मात्र तसं सांगा, मग वेगळा मार्ग बघावा लागेल.