वाचकांचे प्रश्न : नताशा ट्रेथवे यांची कविता

प्रश्न : समकालीन अमेरिकी कविता म्हणजे मुक्तछंद, अशी माझी समजूत होती. अलीकडे नताशा ट्रेथवे यांची 'मिसिसिपी' हा रदीफ (शेरांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द) असलेली एक इंग्रजी गझल वाचनात आली आणि त्या समजुतीला धक्का बसला. या कवयित्री कोण, आणि त्यांना इतक्या बांधीव रचनेची गरज का वाटली असावी?

उत्तर : आपण वाचलेली 'मिसेजिनेशन' (वंशसंकर) ही गझल ट्रेथवे यांच्या 'नेटिव्ह गार्ड' (२००६) या संग्रहात आहे. या संग्रहाला २००७ साली कवितेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ट्रेथवे यांचा जन्म २६ एप्रिल १९६६ रोजी मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्ट या किनाऱ्यावरच्या शहरात झाला. आई ग्वेंडोलिन कृष्णवर्णीय, तर वडील एरिक ट्रेथवे हे कॅनडात जन्मलेले गोरे कवी. भिन्नवंशीय विवाह मिसिसिपीच्या कायद्याला मान्य नव्हता, म्हणून १९६५ साली दोघे ओहायोत जाऊन लग्न करून आले. असे कायदे रद्दबातल ठरवणारा 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६७ चा आहे. म्हणजे मुलगी जन्मली तेव्हा तिच्या आईवडिलांचे लग्न त्यांच्याच राज्यात बेकायदा होते.

या गझलेचा मतला, म्हणजे पहिला शेर, सुरू होतो तोच आईवडिलांनी मोडलेल्या दोन कायद्यांपासून. पुढे प्रत्येक शेर वेगळ्या दिशेने जातो, कधी रेल्वेच्या प्रवासाकडे, कधी अमेरिकी कादंबरीकार फॉकनरच्या कादंबरीतल्या अज्ञात वंशाच्या पात्राकडे, कधी नाव ठेवताना वडील वाचत असलेल्या टॉलस्टॉयच्या कादंबरीकडे. पण रदीफ त्याला ओढून पुन्हा मिसिसिपीतच आणतो. काफिया, म्हणजे रदीफाआधीचे यमक, त्यांनी पाळलेला नाही. मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, मात्र कवीचे नाव आणण्याची प्रथा पाळून त्या स्वतःचे नाव घेतात, आणि ते नावच त्या भूमीत कसे परके आहे हे दाखवतात. ज्या राज्याने जन्मच अमान्य केला त्याला सोडूनही जाता येत नाही, ही अवस्था रदीफाच्या पुनरावृत्तीतून आपोआप उभी राहते. मुक्तछंदात ती वर्णन करून सांगावी लागली असती.

याच संग्रहातली 'इन्सिडंट' ही कविता पांटूम या मूळच्या मलय रचनाबंधात आहे. एका कडव्यातली दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली आणि तिसरी होऊन येते. प्रसंग असा की गोऱ्या माणसांनी कृष्णवर्णीयांना धमकावण्याच्या त्यांच्या रीतीप्रमाणे रात्री घरासमोरच्या अंगणात क्रूस पेटवला, घरच्यांनी दिवे मालवले आणि खिडकीआडून पाहत राहिले. हा प्रसंग कुटुंबात दर वर्षी पुन्हा सांगितला जातो, अशी कवितेची सुरुवात आहे. परतून येणाऱ्या ओळींमुळे सांगणाऱ्यांची अडखळ आणि पुन्हा पुन्हा तिथेच जाण्याची गरज दोन्ही कानाला जाणवतात.

सर्वांत धाडसी रचना 'मिथ' या छोट्या कवितेची आहे. ट्रेथवे एकोणीस वर्षांच्या होत्या तेव्हा, जून १९८५ मध्ये, त्यांच्या आईची तिच्या घटस्फोटित दुसऱ्या पतीने अटलांटाजवळ हत्या केली. 'मिथ'मध्ये मृत आई स्वप्नात येते आणि जाग येताच निसटते. कवितेच्या पूर्वार्धातल्या ओळी उत्तरार्धात उलट्या क्रमाने येतात, त्यामुळे शेवटची ओळ तीच असते जी पहिली होती. ऑर्फियसने मृत्युलोकातून पत्नीला आणताना मागे वळून पाहिले आणि तिला गमावले, त्या कथेची छाया इथे आहे. कवितेलाच मागे वळायला लावून ट्रेथवे ती कथा स्वतःची करतात. दुःख ओसंडून वाहू नये म्हणून रचनेचा बांध घातला आहे, असे या कवितांबद्दल म्हटले जाऊ शकते. मला ते अपुरे वाटते. इथे रचना दुःखाला आवरत नाही, ते कसे चालते ते दाखवते.

प्रश्न : 'नेटिव्ह गार्ड' हे शीर्षक कशावरून आले? आईवरचा विलाप आणि यादवी युद्धातले सैनिक एकाच संग्रहात कसे?

उत्तर : लुइझियाना नेटिव्ह गार्ड्स या अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध लढलेल्या उत्तरेच्या फौजेत अधिकृतपणे दाखल झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय पलटणींपैकी होत्या. त्यांपैकी दुसरी पलटण १८६३ पासून गल्फपोर्टसमोरच्या शिप आयलंड या बेटावर होती आणि तिथे दक्षिणेच्या युद्धकैद्यांवर पहारा देण्याचे काम तिच्याकडे आले. गुलामगिरीतून सुटलेली माणसे काल-परवापर्यंतच्या मालकपक्षावर पहारा करत होती, ही घटना किती विलक्षण! पण बेटावरच्या किल्ल्यात नावांचा फलक लागला तो दक्षिणेच्या सैनिकांचा; या पहारेकऱ्यांची नावे तिथे नाहीत.

शीर्षककविता दहा सुनीतांची (चौदा ओळींच्या कवितांची) साखळी आहे. प्रत्येक सुनीताची शेवटची ओळ थोडा बदल होऊन पुढच्याची पहिली होते. निवेदक हा पूर्वी गुलाम असलेला, लिहितावाचता येणारा सैनिक आहे. निरक्षर कैदी त्याच्याकडून घरी पत्रे लिहवून घेतात आणि खाली फुली मारतात. त्याची स्वतःची रोजनिशी दक्षिणेतल्या एका ओसाड घरात सापडलेली आहे. तिची पाने आधीच कुणाच्या तरी अक्षरांनी भरलेली, म्हणून तो त्या ओळींवर आडवे लिहितो. पुसले न गेलेले जुने अक्षर आणि त्यावरून जाणारे नवे अक्षर एकाच पानावर: अमेरिकी दक्षिणेच्या इतिहासाचे याहून नेमके चित्र मी कवितेत पाहिलेले नाही.

आता आईचा संबंध. तिच्या कबरीवर अनेक वर्षे नावाचा दगड नव्हता, आणि 'मॉन्युमेंट' या कवितेत ट्रेथवे त्या दुर्लक्षित कबरीवर वारूळ रचणाऱ्या मुंग्यांकडे पाहत उभ्या आहेत. मुंग्या करत आहेत ते काम आपण केले नाही, ही बोच त्या लपवत नाहीत. सैनिकांना फलक नाही आणि आईला दगड नाही, हे कळले की संग्रहातले हे दोन विषय वेगळे जोडावे लागत नाहीत.

प्रश्न : त्या अमेरिकेच्या राजकवी होत्या असे वाचले. हे पद नक्की कशाचे?

उत्तर : ही नेमणूक वॉशिंग्टनमधील लायब्ररी ऑफ काँग्रेस करते. ट्रेथवे २०१२ ते २०१४ अशा दोन मुदती त्या पदावर होत्या. त्याच काळात मिसिसिपी राज्याचे राजकवीपदही त्यांच्याकडे होते. पहिल्या मुदतीत त्या काही काळ वॉशिंग्टनमध्ये राहून ग्रंथालयातल्या काव्यदालनात ठरलेल्या वेळी लोकांना भेटत, आणि दुसऱ्या मुदतीत सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी देशभर फिरून कविता कुठे कुठे वाचली-लिहिली जाते हे दाखवत.

प्रश्न : त्यांचे चरित्र माहीत नसेल तर कविता कळतील का? वाचायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : कळतील, कारण लागणारी माहिती त्या बहुधा कवितेतच देतात. पहिला संग्रह 'डोमेस्टिक वर्क' (२०००) आजीसारख्या कष्टकरी स्त्रियांवर आहे. तो सोपा आहे, पण त्यात पुढची झेप अजून दिसत नाही, म्हणून मी 'नेटिव्ह गार्ड'पासूनच सुरुवात करावी असे सुचवीन. 'थ्रॉल' (२०१२) त्यानंतर घ्यावा. त्यात वसाहतकालीन मेक्सिकोतली, संकरित वंशांची वर्गवारी रंगवणारी चित्रे आहेत आणि गोऱ्या वडिलांशी असलेल्या प्रेमाच्या, तरीही कठीण नात्याचा हिशेबही आहे. गुलाम बाळगणारे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलो या घरात वडील-मुलगी फिरतात ती 'एनलायटनमेंट' ही कविता चुकवू नये.

'मेमोरियल ड्राइव्ह' (२०२०) ही गद्य आठवण मात्र शेवटी वाचावी. आई राहत होती तो अटलांटाचा रस्ता स्टोन माउंटनकडे जातो, जिथल्या कड्यावर दक्षिणेच्या पुढाऱ्यांची प्रचंड शिल्पे कोरलेली आहेत. पुस्तकात आईने स्वतः लिहून ठेवलेली पाने आणि तिच्या शेवटच्या दूरध्वनी-संभाषणांच्या नोंदी ट्रेथवे यांनी समाविष्ट केल्या आहेत. तिथे लेखिका जवळजवळ बाजूला होते आणि सावध, शहाणी, सुटकेची योजना आखणारी ग्वेंडोलिन स्वतः बोलू लागते. तोवर कवितांमधून आपण तिला फक्त मुलीच्या स्वप्नात आणि कबरीपाशी भेटलेले असतो.