पहिल्या नंबरला कुठलं कॉलेज?

'ताई, मुलाला दहावीला ९१ टक्के पडले. त्याला इंजिनिअरिंगला जायचंय. त्याचे पप्पा म्हणतात, बाहेरगावच्या निवासी अकॅडमीत इंटिग्रेटेडला घालू. इथं राहिला तर तालमीच्या कट्ट्यावरच बसेल. पोरगा म्हणतो, न्यू कॉलेजला घाला, नाहीतर शिकतच नाही. फुटबॉलचं भारी वेड. दोघांचं बोलणं बंद आहे, आणि अकरावीचा फॉर्म तोंडावर आलाय. काय करू?' – एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

वहिनी, तुमच्या घरातलं भांडण कॉलेजचं नाहीच, फुटबॉलचं आहे. शिवाजी पेठेत वाढलेल्या पोराला फुटबॉलचं वेड नसतं, तर शेजारणीनं विचारलं असतं, 'बरं आहे ना त्याला?' पण पप्पांची भीतीही खोटी नाही. शाहू स्टेडियमवरचा सीझन आणि बारावीचा अभ्यास एकाच वेळी अंगावर येतात. म्हणून आधी तेवढंच बोला: अकरावीला खेळायचं किती, बारावीला थांबायचं कधी. हे त्याच्याच तोंडून येऊ द्या. तारीख त्यानं सांगितली तर तो पाळण्याची शक्यता जास्त.

आता इंटिग्रेटेड. कॉलेजचं नाव कागदावर, पोरगा दिवसभर क्लासमध्ये. काही मुलांना हे मानवतं, नाही असं नाही. पण सीईटीसाठी, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेसाठी, घर सोडायलाच हवं, हे मला पटत नाही. त्या परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स एवढंच. साधारण २० टक्के अकरावीचं, ८० टक्के बारावीचं. चांगलं कॉलेज आणि संध्याकाळचा क्लास यावर कोल्हापुरातली कितीतरी पोरं इंजिनिअर झाली. आयआयटीसाठीच्या जेईईचं म्हणाल तर तयारी जास्त लागते, पण तेही त्याला हवंय का, हे कुणी विचारलंय?

माझ्या भाच्याला असंच एका अकॅडमीत घातलं होतं. दिवाळीला ट्रंक घेऊन परत आला. फी मात्र परत आली नाही. म्हणून पप्पांना अकॅडमीत घालायचंच असेल तर दोन गोष्टी विचारून यायला सांगा: प्रॅक्टिकल कुठं होतात, आणि मध्येच सोडलं तर पैसे किती परत. दुसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. तोंडी सगळेच गोड बोलतात.

पोरालाही सोडू नका. न्यू कॉलेज का, विचारा. घरापासून चालत आणि सगळा ग्रुप तिथं, एवढंच कारण असेल तर थोडं हसा, पण उडवून लावू नका; दोन वर्षं केएमटीच्या बसमध्ये लोंबकळण्यापेक्षा चालत जाणं खरंच बरं. फक्त विवेकानंद आणि राजाराम कॉलेजलाही चक्कर मारून या, तिघांनी मिळून. लॅब बघा. गेटवर बारावीची मुलं भेटतील, त्यांना विचारा की तास रोज होतात का. ती खरं सांगतात.

आणि पॉलिटेक्निकचं घरात कुणी नावच काढलेलं दिसत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला. इंजिनिअरिंगच करायचं पक्कं असेल तर तेही एकदा बघा.

राहिला फॉर्म. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालाय, त्यात दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. भांडणापेक्षा मोठी गोम इथं आहे. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे 'पप्पांच्या समाधानासाठी वर टाकू, नंतर बघू' हे चालणार नाही. अकॅडमीवाले सांगतात ते कॉलेज पहिलं टाकलं, की विषय संपला. गेल्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवा आणि पहिला नंबर पोरालाच भरू द्या. शेजारी पप्पांना बसवा, चहा ठेवा.

लॉगिनचा पासवर्ड तेवढा तुम्ही किराणाच्या वहीत लिहून ठेवा. ते दोघंही विसरणार आहेत.