अस्तराला विचारून धुवा

वाचकांचे प्रश्न : कपड्यांची निगा

सांगलीतलं आमचं धुलाई आणि रफूचं दुकान सासऱ्यांनी सुरू केलं. गेली २६ वर्षं मी त्याच्या काउंटरवर उभी आहे. पूर्वी समोर यायच्या त्या साड्या, धोतरं आणि चादरी. एक वस्तू म्हणजे एक कापड, फार तर काठ-पदर वेगळा. आता येतो तो ड्रेस. वर खण, खाली कॉटन, आत अस्तर, गळ्याला कॅनव्हास, बाहीला लेस, पाठीला गोंडे. यावेळच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं अशाच बिघडलेल्या ड्रेसची आहेत, म्हणून तीच आधी घेते.

प्रश्न : ताई, मुलीच्या बारशासाठी माझ्या पाच वर्षांच्या थोरलीला खणाचा फ्रॉक शिवून घेतला. वर लाल खण, खाली पांढरं कॉटन. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्याला लागला आणि वरचा भाग चुण्या पडून आखडला. दुकानदाराने हलकं कापड दिलं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुकानदाराला लगेच दोष देऊ नका. खण म्हणजे मूळचं बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं कापड. ते चोळीसाठीच विणलं जायचं आणि चोळी वेगळी, हाताने धुतली जायची. तिचा रंग थोडा सुटला तरी तो बादलीतल्या पाण्यात जायचा, शेजारच्या कापडाला लागायचा नाही. आज आपण तोच खण पांढऱ्या कॉटनला शिवतो आणि दोघांना एका पाण्यात घालतो.

आधी चुण्यांचं बघू. फ्रॉक उलटा करा. काखेखालच्या शिवणीत वरचं कापड एका हातात आणि आतलं अस्तर दुसऱ्या हातात धरून हलकेच ताणा. अस्तर तट्ट ताणलं गेलं आणि खण ढिलाच राहिला, तर आटलंय ते अस्तर. मागावर सूत ताणून धरलेलं असतं. पहिलं पाणी लागलं की ते मूळ जागी येतं, कापड आटतं. साधं सुती अस्तर चांगलंच आटतं. खणात आजकाल पुष्कळदा पॉलिस्टरचा धागा असतो, तो तेवढा आटत नाही. एक आखडलं, दुसरं नाही, म्हणून चुण्या. इस्त्री कितीही फिरवली तरी त्या जाणार नाहीत. टेलरकडे जा आणि अस्तराची कंबरेकडची शिवण उसवून खालचं टोक मोकळं सोडायला सांगा. छोटंसं काम आहे, फ्रॉक सरळ पडेल.

पुढच्या वेळी अस्तराचं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच टेलरच्या हातात द्या. टेलर ‘गरज नाही’ म्हणाला तरी ऐकू नका. मी माझ्या सुनेच्या कपड्यांचंसुद्धा अस्तर असंच देते.

आता रंग. डाग असलेला कपडा वाळवू नका आणि त्यावर इस्त्री तर मुळीच फिरवू नका, उष्णतेने रंग धाग्यात बसतो. तुमचा वाळलेला असणार असं धरून सांगते. अस्तरासाठी टेलरकडे जाताय, तेव्हाच कंबरेची शिवण उसवून पांढरा घेर वेगळा काढून घ्या. मग तो एकटा कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं ब्लीच) घालून भिजवा. पाणी लाल झालं की बदला, असं दोन-तीनदा करा. घेर वेगळा न काढता ब्लीच वापराल तर लाल खणाचीही रया जाईल.

‘मीठ घातलं की रंग पक्का होतो’ असं तुमच्या सासूबाई म्हणतात ना? माझ्याही म्हणायच्या. मिठाच्या पाण्यात काही रंग कमी सुटतो हे खरं, पण तेवढ्यापुरतंच. पुढच्या साध्या पाण्यात तो पुन्हा सुटतो. रंग पक्का करायचा तो रंगाऱ्याच्या हंड्यात, आपल्या बादलीत नाही. त्यापेक्षा कपडा पाण्यात घालण्याआधी एवढं करा. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा, खणाच्या आतल्या शिवणीवर ठेवा आणि वरून कोमट इस्त्री काही क्षण दाबा. रुमाल उचलून बघा. विडा खाऊन ओठ पुसल्यासारखा ठसा उठला, तर तो ड्रेस बादलीत एकटाच जाईल, तोही गार पाण्यात, न भिजवता, लगेच खंगाळून.

प्रश्न : आजीच्या पैठणीचा अनारकली शिवला. लग्नात एकदाच घातला, लगेच ड्रायक्लीनला दिला. तरी काखेत पिवळी कड राहिली आहे. पुन्हा ड्रायक्लीन करू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नका करू. आधी ड्रायक्लीन म्हणजे काय ते नीट समजून घ्या. ते कोरडं नसतं. पाण्याऐवजी दुसरं द्रावण वापरतात, अनेक ठिकाणी पर्क्लोरोएथिलीन. तेल, तूप, मेकअप, लिपस्टिक त्यात छान निघतं. पण घाम, सरबत, चहा हे पाण्यातले डाग, ते नुसत्या द्रावणात निघत नाहीत. सरबताचा डाग तर सुरुवातीला दिसतही नाही. त्यातली साखर कापडात राहते आणि काही महिन्यांनी, इस्त्रीची ऊब लागल्यावर तपकिरी होते. म्हणून गिऱ्हाईक कपडा टाकून निघालं की मी हाक मारते, ‘ताई, डाग कसला ते सांगून जा.’ तुम्हीही सांगत जा. डागाच्या जागी पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घालून द्या, म्हणजे मागे काम करणाऱ्या माणसाला तो सापडतो आणि तेवढ्या जागी तो वेगळा इलाज करतो.

तुमच्या ड्रेसला तो इलाज आता उशिराचा आहे, पण जुन्या रेशमावर काम करणाऱ्या माणसाला एकदा दाखवा. घरी त्यावर काहीही चोळू नका. आजीच्या पैठणीचं रेशीम वयाने नाजूक झालेलं असतं, विशेषतः जिथे वर्षानुवर्षं घडी पडली तिथे. ड्रेस खिडकीसमोर उभा धरून बघा. घडीच्या रेघेवर उजेड झिरपताना दिसला, तर तिथे कापड विरायला लागलंय.

ब्लीचचं तर नावही काढू नका. रेशीम आणि लोकर हे प्राण्यांपासून आलेले धागे, आपल्या केसांच्या जातीचे. धुण्याचा सोडा आणि क्लोरीनचं ब्लीच त्यांना खातं. रिठ्याचं पाणी रेशमाला चांगलं, मात्र फिकट रंगावर त्याची तपकिरी झाक बसते. तिथे सौम्य लिक्विडच वापरा.

आणि पुढच्या लग्नाआधी एक करा. मऊ जुन्या सुती कापडाच्या चंद्रकोरी कापून काखेत अस्तराला चार टाके घाला. घाम त्या पितील. घरी आल्यावर उसवून धुवा, पुन्हा लावा. रेशमी कपड्याचं आयुष्य वाढवणारं याहून स्वस्त काही मला माहीत नाही.

ठेवताना दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी त्याच दिवशी काढा. हँगरला लटकवू नका, जरीच्या वजनाने खांदे फाटतात. मलमलीत सैल गुंडाळा आणि तीन महिन्यांनी घडी बदला, जुन्या रेघेवर पुन्हा घडी नको. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा, म्हणून ती काळवंडते. डांबरगोळ्या तिला चिकटून ठेवू नका, अत्तराचा फवाराही तिच्यावर नको.

प्रश्न : काकू, मी हॉस्टेलवर राहते. रेयॉनच्या कुर्त्या दोन-तीन धुण्यांतच वेड्यावाकड्या होतात. कॉटनच्या होत नाहीत. मी दोन्ही सारख्याच धुते. (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : बाळा, सारख्या धुतेस तिथेच अडतंय. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचा रेयॉनचा ड्रेस फाटला. मी माहेरी चादरी पिळल्या होत्या, तसाच तोही पिळला. ओल्या कागदासारखा आवाज आला आणि कंबरेपासून वीतभर चीर गेली. त्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या कापडावरून हात फिरवत राहिल्या. ड्रेस बहिणीने दिलेला होता. तो हात मला अजून दिसतो.

सासऱ्यांनी तेव्हा समजावलं. कॉटन ओलं झालं की उलट अधिक मजबूत होतं, म्हणून धोबीघाटावर ते आपटलेलं चालतं. रेयॉन, म्हणजेच व्हिस्कोस, ओलं झालं की त्याची जवळपास निम्मी ताकद जाते. म्हणून ते गार पाण्यात, पाच-दहा मिनिटांत धुवायचं, ब्रश नाही, पीळ नाही. जाड टॉवेलवर पसरून टॉवेलासकट गुंडाळी करायची आणि वरून दाबायचं. वाळवताना खांद्याला चिमटे लावलेस तर पाण्याच्या ओझ्याने कुर्ती लांबते, म्हणून मधोमध दांडीवर टाक. किंचित दमट असतानाच उलट बाजूने इस्त्री कर.

प्रश्न : हळदीच्या कार्यक्रमात पांढऱ्या कुर्त्याला हळद लागली. साबण लावला तर डाग लाल झाला! (एक वाचक, अमरावती)

उत्तर : घाबरू नका, हळदीचा गुणच तो. साबणातल्या क्षाराने ती लाल होते, साध्या पाण्यात खळखळून धुतलं की परत पिवळी. मग ओला कुर्ता कडक उन्हात घाला. ऊन हळदीचा रंग खातं, एक-दोन दिवसांत फरक दिसेल. हे सुती पांढऱ्या कपड्यांसाठी. रेशमी असेल तर उन्हात नको, आमच्यासारख्या कुणाकडे न्या.

प्रश्न : पावसाळ्यात कपाटातल्या ड्रेसवर पांढरी बुरशी आली. कडुनिंबाचा पाला ठेवला होता. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पाला किड्यांसाठी, बुरशीला थांबवते ती फक्त कोरडी हवा. ड्रेस घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झटका. घरात झटकलात तर ती बाकीच्या कपड्यांवर जाऊन बसेल. सुती पांढऱ्यावर डाग उरला तर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा आणि मग धुवा. आणि खळ केलेले कपडे पावसाळ्याआधी धुऊन खळ काढूनच ठेवा. खळीवर बुरशीही धरते आणि कसरही येते.

प्रश्न : ड्रेस मटेरियल ‘प्युअर सिल्क’ म्हणून घेतलं. लेबल नाही. कसं धुवायचं हे कसं कळणार? (एक वाचक, पणजी)

उत्तर : शिवण्याआधी कापडाच्या कडेचे दोन धागे काढा, एक उभा, एक आडवा, कारण दोन्ही वेगळे असू शकतात. एकेक जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी राख बोटांत चुरगळते. कॉटन आणि रेयॉनला कागद जळल्याचा वास. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. उभा रेशमी आणि आडवा पॉलिस्टर निघाला, तर रेशमाच्या कलाने धुवा. जाळताना धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा, बोटात अजिबात धरू नका. पॉलिस्टरचा वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.