वाचक विचारतात : कप फुटला की फोडला?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत : शाळेत शिकवले जाणारे विषय रोजच्या जगण्यात नेमके कुठे भेटतात? त्यांतील चार पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. विज्ञानात त्याला गती आहे. परंतु कथा-कविता वाचणे म्हणजे त्याला वेळेचा अपव्यय वाटतो. “गोष्टी खोट्या असतात, मग त्यांतून खरे आयुष्य कसे कळणार?” असे तो विचारतो. त्याला काय सांगावे? (एक पालक)

उत्तर : आपल्या मुलाचा प्रश्न चोख आहे आणि ‘साहित्याने मन घडते’ असे गुळगुळीत उत्तर देऊन त्याची बोळवण करू नये. त्याच्यापुढे तीन वाक्ये ठेवावीत : ‘कप फुटला’, ‘माझ्या हातून कप फुटला’ आणि ‘मी कप फोडला’. घटना एकच आहे, जमिनीवरचे तुकडेही तेवढेच आहेत. मात्र पहिल्या वाक्यात माणूसच नाही. दुसऱ्यात माणूस आहे, पण दोष हातावर गेला आहे. तिसऱ्यात मात्र कर्ता समोर येऊन उभा राहिला आहे. फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे अशा कितीतरी जोड्या मराठीत आहेत आणि त्यांतले कोणते क्रियापद निवडायचे, हे बोलणारा बहुतेक वेळा नकळत ठरवत असतो. व्याकरणाच्या तासाला आपण यांना अकर्मक-सकर्मक अशी नावे देऊन मोकळे होतो. गोष्ट वाचताना मात्र हेच सगळे जिवंत होते, कारण तेथे सांगणारा कोण आहे, त्याला काय दिसते आणि तो काय झाकतो, हे ओळखल्याशिवाय गोष्ट उलगडतच नाही. असा कान तयार झालेल्या मुलाने ‘झाडे तुटली’ किंवा ‘निर्णय घेण्यात आला’ असे वाक्य कुठेही वाचले, की ‘कोणी तोडली?’ आणि ‘कोणी घेतला?’ हे प्रश्न त्याच्या मनात आपोआप येतात.

राहिला खोटेपणाचा मुद्दा. घर्षण नसलेला पृष्ठभाग आणि वस्तुमान नसलेली दोरी आपल्या मुलाने कुठे पाहिली आहे, हे त्याला अवश्य विचारावे. या दोन्ही गोष्टी जगात नाहीत; तरीही त्या गृहीत धरून त्याने शेकडो गणिते सोडवली असतील, कारण काही गोष्टी बाजूला ठेवल्या की उरलेल्या नीट दिसतात. कथाकारही काही वेगळे करत नाही.

प्रश्न : साध्या यंत्रांच्या धड्यात आम्ही ‘उतरण’ शिकलो, उदाहरणेही सोडवली. परीक्षेनंतर तिचा उपयोग काय? (नववीची विद्यार्थिनी)

उत्तर : उत्तरासाठी तुला एक मोजपट्टी लागेल. एखाद्या इमारतीच्या दाराशी प्रत्येकी १५ सेंटिमीटर उंचीच्या तीन पायऱ्या आहेत, असे समज; म्हणजे एकूण चढ ४५ सेंटिमीटरचा झाला. चाकाची खुर्ची आणि तिच्यात बसलेली व्यक्ती मिळून ८० किलोग्रॅम वस्तुमान धरले, तर त्यांना सरळ वर उचलण्यासाठी सुमारे ७८४ न्यूटन बल लागेल. त्याऐवजी अनेक ठिकाणी मानक मानला जाणारा १:१२ चा, म्हणजे एक भाग उंचीला बारा भाग लांबीचा, उतार बांधला, तर घर्षण सोडून तेच काम सुमारे ६५ न्यूटनमध्ये होते. परंतु बल वाचले की अंतर वाढते. त्या उतरणीची लांबी ५ मीटर ४० सेंटिमीटर होते. येथपर्यंतचे सगळे तुझ्या पुस्तकात आहे.

पुस्तकात नसते ते यापुढचे : एवढी जागा सोडायची कोणी? जागा वाचवण्यासाठी पुष्कळदा १:४ सारखी उभी उतरण बांधून ‘उतरण असावी’ या नियमाची पूर्तता केल्याचे दाखवले जाते. तेथे लागणारे बल सुमारे १९० न्यूटन, म्हणजे जवळजवळ तिप्पट होते. शिवाय अशा उतारावरून खाली येताना खुर्ची उलटण्याची भीती असते ती निराळीच. ती इमारत आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होते आणि कोण नव्हते, हे त्या दोन आकड्यांतून कळते. यापुढे दिसणाऱ्या प्रत्येक उतरणीची उंची आणि लांबी मोजून वहीत लिहून ठेव. नागरिकशास्त्राच्या वहीत लिहिलीस तरी चालेल.

प्रश्न : विषय एकमेकांशी जोडून शिकवा, असे आम्हाला वारंवार सांगितले जाते, प्रत्यक्षात विज्ञानावर कविता करून घेण्यापलीकडे फारसे काही होत नाही. ओढूनताणून न जोडलेले एखादे उदाहरण आहे का? (एक शिक्षक)

उत्तर : विज्ञानावरच्या कवितांविषयीची आपली तक्रार मलाही मान्य आहे. वर्गात आठवडाभर पुरेल असे एक उदाहरण देतो. ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ उसळली आणि थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे दगावली. रोग दूषित, दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो, हे त्या काळातील जाणकारांचे मत होते. जॉन स्नो या डॉक्टरांचा संशय मात्र पाण्यावर होता. त्यांनी मृत्यू कोठे झाले याची नोंद घेतली, तेव्हा ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती ते दाटलेले दिसले. तथापि एवढ्याने काही सिद्ध होत नव्हते, कारण पंपाजवळची हवाही सर्वांची एकच होती.

खरी मौज अपवादांत आहे. पंपाजवळच्याच एका मद्यनिर्मितीच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार असूनही कोणी दगावले नव्हते. ते बिअर पीत आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. उलट, काही मैलांवरील हॅम्पस्टेड येथे एक विधवा बाई कॉलऱ्याने गेल्या. स्नो यांनी त्यांच्या मुलाकडे चौकशी केली, तेव्हा कळले की आई कित्येक महिन्यांत ब्रॉड स्ट्रीटकडे फिरकलीही नव्हती. पण त्या पंपाच्या पाण्याची चव तिला आवडत असे, म्हणून रोज गाडीतून मोठी बाटली भरून येत असे. हा मृत्यू नकाशावर मांडला, तर एकटाच, भलतीकडे पडलेला दिसेल. त्याचा अर्थ लागला तो मुलाने आईच्या आवडीची गोष्ट सांगितल्यामुळे आणि ऐकणाऱ्याने ती ‘अवांतर’ म्हणून सोडून न दिल्यामुळे.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. बहुतेक पुस्तके येथेच थांबतात. आपण थांबू नये. अनेक रहिवासी घाबरून निघून गेले होते आणि साथ आधीच ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच मान्य केले आहे. स्नो यांचे म्हणणे खोडून काढावे म्हणून हेन्री व्हाइटहेड हे तेथील तरुण पाद्री घरोघर फिरले आणि अखेर त्यांच्याच बाजूचे झाले. वस्तीतील कुटुंबे त्यांना ओळखत होती, त्यामुळे जे डॉक्टरांना कोणी सांगितले नसते ते त्यांना समजले : पंपाच्या विहिरीलगतच्या घरातील एका आजारी तान्ह्या बाळाची दुपटी धुतलेले पाणी तेथल्याच मैलाखड्ड्यात टाकले जात होते आणि तेथून ते विहिरीत झिरपत होते. इतके होऊनही सरकारी चौकशी समितीने स्नो यांचा निष्कर्ष स्वीकारला नाही. १८५८ मध्ये ते वारले.

वर्गात हे एका बैठकीत सांगून टाकू नये. आधी फक्त नकाशा द्यावा, मग हे दोन अपवाद द्यावेत आणि त्या मुलाला तुम्ही कोणते प्रश्न विचारले असते, ते विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे. हा तास कोणत्या विषयाचा, ते वेळापत्रकात काहीही लिहा.

प्रश्न : बर्फाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्याबाहेर थेंब जमतात, ते हवेतील बाष्पाचे असतात असे पुस्तकात आहे. आजी म्हणते, पेला पाझरतो. तिला कसे पटवू? (सातवीचा विद्यार्थी)

उत्तर : आजीला व्याख्या ऐकवू नकोस. मातीचे भांडे खरोखरच पाझरते आणि तिने ते आयुष्यभर पाहिले आहे. एका भांड्याचा अनुभव तिने दुसऱ्याला लावला, एवढेच. एका मातीच्या भांड्यात साधे पाणी आणि काचेच्या पेल्यात बर्फाचे पाणी घे. पेला बाहेरून कोरडा पुसून दोन्हींचे वजन कर आणि थेंब दाट जमले की ते न पुसता पुन्हा कर. पेल्याचे वजन किंचित वाढलेले आढळेल. मातीच्या भांड्याचे वजन काही तासांनी घटलेले दिसेल. पेला पाझरत असता, तर त्याचे वजन वाढले कसे, हा प्रश्न आजीला स्वतःलाच पडू दे. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरेल. हवा फार कोरडी असेल त्या दिवशी मात्र हे करू नकोस, आणि दोन्ही भांड्यांवर झाकण ठेवायला विसरू नकोस.