अँबॅसिडर मार्क २ : रात्री दिवे लावले की बॅटरी उतरते, डायनामो काढून अल्टरनेटर बसवू का?

लगेच नको. दोन्ही इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करतात, फरक इतकाच की अल्टरनेटर कमी रेसवरही करतो. आधी दोष शोधा. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन जरा रेसवर ठेवलं की १४ च्या आसपास जायला हवं. जात नसेल तर बेल्ट आणि इंजिनची अर्थ पट्टी (इंजिन बॉडीला जोडणारी धातूची पट्टी) बघा. ती गंजलेली असते आणि बिचाऱ्या डायनामोवर आळ येतो!

मग डायनामोच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढा, ते टर्मिनल एकमेकांना जोडा आणि त्यांच्यापासून बॉडीपर्यंत मीटर लावा. रेस हळूच वाढवत न्या. व्होल्टेज झरझर वाढलं तर डायनामो ठीक, दोष रेग्युलेटरमध्ये (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा डबा) किंवा वायरिंगमध्ये. २० च्या वर मात्र नेऊ नका. शून्याच्या जवळच राहिलं तर डायनामोच्या आतले, फिरत्या भागाला टेकणारे कार्बन ब्रश तपासा.

आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, डायनामो चार्ज करतच नाही, त्यामुळे शहरातल्या ट्रॅफिकमध्ये रात्री चालवायची असेल तर अल्टरनेटर खरंच उपयोगी. जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढा, बॅटरीपर्यंत जाड वायर टाका. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते आधी बघा, उलटं जोडलं तर अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जळतात. काढलेला डायनामो मात्र जपून ठेवा.