जोडताऱ्यांमुळे तारकागुच्छाच्या वस्तुमानात पडणारा फरक किरकोळ असतो का?

खुल्या, म्हणजे सैल बांधलेल्या विरळ तारकागुच्छांत अजिबात नाही. ‘किरकोळ’ हा शब्द मी प्रकल्पाच्या वेळी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

एमएस्सीला मी कर्क राशीतला एम ६७ हा खुला गुच्छ घेतला होता. प्रत्येक ताऱ्याचा एकच वर्णपट, त्यावरून आपल्या दिशेतला वेग, आणि वेगांच्या पसाऱ्यावरून (ताऱ्यांचे वेग एकमेकांपासून किती वेगळे आहेत त्यावरून) वस्तुमान: पसारा जास्त, तर तारे धरून ठेवायला वस्तुमानही जास्त लागतं. पसारा आला सेकंदाला अडीच किलोमीटर, खरा आहे ०.८ च्या आसपास. सूत्रात पसाऱ्याचा वर्ग येतो, त्यामुळे गुच्छ दहापट जड झाला. मार्गदर्शक म्हणाले, "गुच्छ फुटतोय, तसं लिही." मी म्हटलं, "सर, हा जवळपास चार अब्ज वर्षांचा आहे. या वेगाने फुटत असता तर कधीच रिकामा झाला असता. तेच तारे पुन्हा बघू या." उत्तर आलं, "आकडा मिळालाय ना, पुरे."

प्रबंध तसाच गेला. सात महिन्यांनी त्याच ताऱ्यांचे दुसरे वर्णपट हाती आले. एका ताऱ्याच्या मॅग्नेशियमच्या वर्णपटातल्या तिन्ही रेषा ०.४ अँगस्ट्रॉमने (तरंगलांबीचं एकक) सरकल्या होत्या. आधी वेग ४५, आता २२, आणि गुच्छाचा स्वतःचा ३३-३४. तारा गुच्छातून निसटत नव्हता, जोडीदाराभोवती फिरत होता. सूर्याएवढे दोन तारे पृथ्वी-सूर्याइतक्या अंतरावर असले, तर प्रत्येकाचा वेग सेकंदाला २१ किलोमीटर असतो. गुच्छाचा पाऊण किलोमीटरचा पसारा त्यात बुडून जातो.

टोकाचे आकडे छाटले की झालं, असंही सांगतात. ते चूक आहे. लांबच्या जोड्या वर्षानुवर्षं एक-दोन किलोमीटरच्या वेगाने फिरतात आणि गर्दीत बेमालूम लपतात. मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या आर १३६ या गुच्छाचा २०१२ सालचा अभ्यास बघा. एकाच वेळच्या निरीक्षणांत पसारा २५ दिसायचा, वारंवार निरीक्षणं करून जोड्या वेगळ्या काढल्यावर तो ६ च्या आत आला.

हां, ४७ टुकानीसारख्या गोलाकार (खूप दाट आणि जड) गुच्छात मुळात पसाराच दहाच्या वर आणि जोड्या कमी, तिथे फरक खरंच थोडा. आणि तारे मोजून वस्तुमान काढत असाल तर चूक उलट्या बाजूची होते. दोन तारे एक म्हणून धरले जातात आणि वस्तुमान कमी भरतं. सारख्याच तेजाची जोडी मेन सिक्वेन्सच्या (रंग आणि तेजाच्या आलेखातल्या बहुतेक ताऱ्यांच्या पट्ट्याच्या) ०.७५ प्रतीने (प्रत म्हणजे तेजाचं माप) वर दिसते, तिथून ती ओळखता येते.

प्रकल्प करत असाल तर दुर्बिणीचा वेळ मागतानाच दोन वेळांचा मागा, मध्ये काही महिने सोडून. मार्गदर्शक "कशाला" म्हणाले तर ४५ आणि २२ हे दोन आकडे त्यांच्यापुढे ठेवा.